अर्थ सापडत नाही

‘सदर मृत्यू ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे घडल्याचे निदर्शनास आले असून, यंत्राने ग्राहकास शुद्ध व सुबोध मराठीत तीन वेळा सूचित केले होते, ही बाब येथे नमूद करण्यात येत आहे.’

गृहविद्युत प्राधिकरणाच्या चौकशी अहवालातले हे अकरावे वाक्य. डॉ. शरयू देवळणकर यांनी ते वाचले, पेन्सिल उचलली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने आधी कर्ता शोधला. तो नव्हता. मृत्यू घडला होता, कोणी घडवला नव्हता. निदर्शनास आले होते, पण कोणाच्या, ते सांगितलेले नव्हते. नमूद करण्यात येत होते, जणू ती बाब स्वतःच कागदावर चढून बसली होती. साऱ्या वाक्यात माणूस एकच, तो म्हणजे ‘ग्राहक’. त्याच्या वाट्याला निष्काळजीपणा आला होता.

हा ग्राहक म्हणजे शरयूचा थोरला भाऊ भास्कर, वय एकाहत्तर. आणि मृत्यू त्याच्या बायकोचा, नलिनीचा. ती शरयूची एम.ए.च्या वर्गातली मैत्रीण, पुढे वहिनी, आणि त्याही पुढे काळखडकच्या शाळेत तीस वर्षे मराठी शिकवणारी बाई.

पेन्सिल पुढे सरकली. ‘तीन वेळा सूचित केले’ हे खरे होते. यंत्राच्या नोंदीत तिन्ही तारखा आणि वेळा होत्या. ‘सुबोध’ हे मात्र विधान नव्हते, आशा होती. ती सूचना नेमकी काय होती, हे अहवालाच्या बेचाळीस पानांत कुठेच दिले नव्हते. परिशिष्ट चारच्या तळाशी, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत ती सापडली: ‘अर्थ सापडत नाही. पुढे चालू ठेवायचे? होय / नाही.’

उरले ‘शुद्ध’. या विशेषणापाशी पेन्सिल थांबली. ते खोटे नव्हते. शब्द शुद्धच होता, कारण तो शुद्ध करून घेतलेला होता. कोणी, ते अहवालात नव्हते, आणि परिभाषा समितीच्या इतिवृत्तातही नव्हते. ते समितीतल्या पाच जणांना माहीत होते. त्यांतले दोघे आता हयात नव्हते, दोघे ते केव्हाच विसरले असावेत, आणि पाचवी व्यक्ती हातात पेन्सिल घेऊन बसली होती.

अहवालाला एक पत्र जोडलेले होते. गुरुवारच्या सुनावणीत भाषातज्ज्ञ म्हणून उपस्थित राहून सदर सूचना शुद्ध व सुबोध असल्याचे डॉ. देवळणकर यांनी प्रमाणित करावे, अशी विनंती करण्यात येत होती. तज्ज्ञाचे आणि ग्राहकाचे आडनाव एकच आहे, हे कोणाच्याही निदर्शनास आले नव्हते. त्या दाखल्यानंतर प्रकरण फौजदारी न्यायालयात जाणार होते आणि भास्करवर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला जाणार होता.

*

काळखडक हे गाव नावाप्रमाणेच आहे. हातभर मुरूम, आणि त्याखाली थेट बेसॉल्टचा काळा कातळ. अशा गावात विजेला जमिनीत उतरवणे हे पूर्वी कष्टाचे काम होते. विजेची गोष्ट तशी सरळ आहे: तिला परत जायला वाट लागते. कूलरच्या किंवा फ्रिजच्या आतली तार झिजून पत्र्याला टेकली, की तो पत्रा जिवंत होतो आणि कोणी हात लावण्याची वाट पाहत उभा राहतो. हात लागला, की माणूसच वाट होतो. म्हणून शहाण्या लोकांनी पत्र्यापासून जमिनीपर्यंत एक जाड तांब्याची तार आधीच टाकून ठेवली. बिघाड होताच वीज त्या सोप्या वाटेने धावते, प्रवाह एकदम वाढतो, फ्यूज उडतो आणि पत्रा मरतो. माणसाऐवजी पत्रा मरावा, एवढाच त्या तारेचा हेतू. तिचे टोक खड्ड्यात, मीठ आणि कोळशाच्या थरांत पुरायचे, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्याला पाणी घालायचे, कारण कोरडी जमीन वीज घेत नाही. भास्कर दर चैत्रात चार बादल्या घालत असे. नलिनी त्या खड्ड्याला ‘आमच्या घरातला सर्वांत तहानलेला मेंबर’ म्हणायची.

मग ‘खड्डामुक्त घर’ योजना आली. घरोघरी छपरावर सौरपाट्या, जिन्याखाली बॅटरी आणि भिंतीवर ‘स्थिरभूमी’ नावाची पांढरी पेटी. कल्पना बुद्धिमान होती, हे शरयूलाही मान्य करावे लागले. जमिनीचे काम काय, तर शून्य पुरवणे. मग ते शून्य इलेक्ट्रॉनिक मेंदूनेच तयार केले तर? पत्र्यावर जेवढा दाब चढेल, तेवढाच उलटा दाब क्षणार्धात द्यायचा; पत्रा कायम शून्यावर. जमिनीत केवळ वीतभर लांबीचा एक खिळा, पेटीला शून्याची आठवण राहावी म्हणून. गळती होताच वीज तोडणारा जुना स्विच या पेटीशी भांडायचा आणि सारखा पडायचा, म्हणून तो काढून टाकण्यात आला. खड्डे बुजवण्यात आले. दारावर निळी पाटी लावण्यात आली.

हे सारे कर्मणी प्रयोगात झाले, हे वेगळे सांगायला नको.

*

भास्कर घरात रबरी चपला घालून वावरत होता. देवघरातसुद्धा.

“बस,” तो म्हणाला. “त्या खुर्चीवर नको, तिचे पाय लोखंडी आहेत.”

“दादा, काय झालं ते मला नीट सांग. पहिल्यापासून.”

“किती जणांना सांगू? सगळं नोंदीत आहे.” त्याने भिंतीवरच्या पेटीकडे हनुवटीने खूण केली. पेटीवर पंचनाम्याचे लाखेचे सील होते, आणि सीलच्या वर तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता. पुरावा म्हणून ती चालू स्थितीत ठेवण्यात आली होती.

“नोंदीत वेळा आहेत. माणसं नाहीत.”

भास्कर म्हणजे आयुष्यभर मोजणी खात्यात जमीन मोजलेला माणूस. आताही वाक्य बोलण्याआधी त्याची लांबी मोजत असल्यासारखा दिसला.

“पहिल्यांदा गुढीपाडव्याला. पेटी ओरडली. नलूने चष्मा लावून वाचलं. मला हाक मारून म्हणते, ‘अहो, ऐकलंत का? या पेटीला अर्थ सापडत नाहीये. माझ्या वर्गातल्या पोरांनाही तीस वर्षं सापडत नव्हता. मी त्यांना पुढेच ढकलत होते, हिलाही ढकला.’ हसत होती गं. मी ‘होय’ दाबलं.”

“आणि ‘नाही’ दाबलं असतं तर?”

“दुसऱ्यांदा दाबून बघितलं ना. सगळं घर बंद. पंखा, पाणी, शेगडी. त्रेचाळीस डिग्री होतं त्या दिवशी. मग काय करणार? पुन्हा चालू केलं, तर तोच प्रश्न तसाच समोर. ‘होय’ दाबलं. नलू म्हणाली, ‘कोणीतरी कविता भरलीय त्या पेटीत. जगण्याचा अर्थ सापडत नाही, पण पुढे चालू ठेवायचं का म्हणे. आता या वयात काय नाही म्हणायचं?’” त्याने चपलेचा पट्टा सरळ केला. “तिसऱ्यांदा ती गेली त्या दिवशी. ती मागे अंगणात कूलरमध्ये पाणी भरत होती. पेटीने विचारलं आणि पंपच बंद पडला. तिकडूनच ओरडली, ‘दाबा हो, पाणी थांबलं!’ मी दाबलं. पाणी सुरू झाल्याचा आवाज आला. मग पाण्याचाच आवाज येत राहिला.”

बाहेर एक टिटवी ओरडत गेली.

“शरू, बोट माझंच होतं. अहवालात लिहिलंय ते खरंय.”

“तुला त्या वाक्याचा अर्थ काय वाटला होता?”

“मला? मला कशाला काही वाटायला हवं? घरात मराठीची बाई होती.”

“खिळ्याला पाणी घातलं नव्हतंस?”

“पुस्तिकेत लिहिलंय, पाणी घालण्याची आवश्यकता नाही. मी सरकारी माणूस. लिहिलेलं मानतो.”

*

खाजा मिस्त्री दुपारी दोनला आले. तीस वर्षांपूर्वी या घराचा खड्डा त्यांनीच खणला होता आणि योजनेच्या ठेकेदाराच्या हुकमावरून त्यांनीच तो बुजवला होता. त्यांनी मागच्या अंगणात कूलरजवळच्या मातीत दोन तांबे पाणी ओतले, त्यात एक सळई खोचली, मीटरची एक तार सळईला लावली आणि दुसरी कूलरच्या पत्र्याला.

“वाचा ताई.”

“एकशे त्रेसष्ट.”

“आता हे बघा.” त्यांनी सळईची तार काढून लांब वायरने फ्रिजला लावली. आकडा शून्यावर गेला. “घरातल्या घरात सगळे गोडीगुलाबीने राहतात. फ्रिज, नळ, कूलर, सगळ्यांचं एकमत. भांडण फक्त जमिनीशी.”

“पण पेटी म्हणते, पत्रा शून्यावर आहे.”

“पेटीचं शून्य कुठलं, ते विचारा ना.” ते ओट्यावर टेकले. “खिळा सुकला, की तिला जमीन दिसत नाही. आंधळी होते. मग ती विचारते, पुढे जाऊ का? तुम्ही म्हणालात हो, तर ती शेजारच्या चाळीस पेट्यांना विचारते: बाई गं, तुझं शून्य कुठे आहे? आणि जे जास्तीत जास्त जणी सांगतील, ते आपलं मानते. आता या उन्हाळ्यात कॉलनीत कुणाचा खिळा ओला आहे? सगळ्या आंधळ्या. एक दुसरीला विचारते, दुसरी तिसरीला. दुपारी छपरावरच्या पाट्यांची वीज जोरात असते, तशी सगळ्यांची मिळून वर वर सरकते. एकटी नाही हो सरकत. सगळ्या एकदम. म्हणून कुणालाच कळत नाही.”

शून्य बहुमताने ठरत होते. शरयूने पाच माणसांची एक गोल बैठक आठवली आणि तिच्या हातातले मीटर जड झाले.

“म्हणजे आत्ता या क्षणी शेजारच्या घरातही...?”

“चाळीसच्या चाळीस. मी सांगत फिरतोय, अनवाणी कूलर भरू नका. लोक म्हणतात, खाजाभाई, तुमचं खड्ड्याचं काम गेलं म्हणून बोलताय.” ते हसले, हसण्यात काही नव्हते. “ताई, एक विचारू? तुम्ही शिकलेल्या आहात. हे पेटीवर ‘अर्थ’ कुणी लिहिलं?”

“का?”

“आम्ही त्याला अर्थिंग म्हणतो. माझी अम्मी अंगठेबहाद्दर होती, तीपण अर्थिंग म्हणायची. पिठाच्या गिरणीवाला म्हणतो, न्हावी म्हणतो. ‘अर्थिंग मिळत नाही’ असं दिसलं असतं, तर बाईंनी मला त्याच दिवशी फोन केला असता. साहेबांनी चार बादल्या ओतल्या असत्या. एवढंसं ‘इंग’ ताई. ते कुणी खाल्लं?”

भास्कर दारात उभा होता. “कंपनीच्या कुणा पोट्ट्याने इंग्रजीतून केलं असेल,” तो म्हणाला. “त्यांना काय मराठीचं.”

शरयूने मीटर खाली ठेवले. उत्तर तोंडाशी आले होते. तिने ते गिळले. एवढ्या मोठ्या भाषाव्यवहारात, तिच्या लक्षात आले, मौनालाच कर्ता लागत नाही.

*

कंपनीच्या पोट्ट्याने बरोबर लिहिले होते. त्याच्या मसुद्यात ‘अर्थिंग मिळत नाही’ असेच होते.

सहा वर्षांपूर्वीची परिभाषा समितीची ती बैठक. चारशे अठरा सूचनांची यादी, आणि चहाच्या आधी संपवायचे ठरलेले. दोनशे सातव्या क्रमांकावर शरयूची लाल पेन्सिल थांबली. ‘अर्थिंग’! धातू परका, प्रत्यय परका, आणि मराठी माणसाच्या भिंतीवर हे लटकणार? ‘भूसंपर्कन’ कंपनीने आधीच अवघड म्हणून परत पाठवले होते. मग तिला ती युक्ती सुचली, आणि सुचल्यावर अंगावर शहारा आला, कारण ती सुंदर होती. शेवटचे ‘इंग’ छाटले, की उरतो ‘अर्थ’. इंग्रजीतली पृथ्वीही तीच आणि आपला ‘अर्थ’ही तोच. परका शब्द एका घावात घरचा झाला. ‘मिळत’ हे तिला बाजारी वाटले. तिथे ‘सापडत’ आले. समितीतल्या विद्वानांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणाले, वा, मॅडम, यंत्राला उपनिषद शिकवलंत. सगळे हसले. शरयूही हसली, आणि इतिवृत्तात नोंद झाली: ‘क्र. २०७ : शब्द सुधारण्यात आला.’

ती आजवर सर्वांना सांगत आली होती, की भाषा भ्रष्ट होते तेव्हा माणसे मरतात. परिसंवादांत या वाक्याला टाळ्या पडत. भाषा शुद्ध होते तेव्हा काय होते, हे तिला कोणी विचारले नव्हते.

*

गुरुवारी सुनावणीच्या आधी चौकशी अधिकारी अविनाश मोहरीर यांनी तिला आपल्या खोलीत बोलावले. नीटनेटका, मृदू माणूस. टेबलावर तिचाच शब्दकोश होता.

“मॅडम, आम्हाला कालच कळलं, की भास्करराव आपले बंधू. फार वाईट वाटलं. आपण माघार घेतलीत तर आम्ही समजू शकतो.”

“आणि दिला दाखला तर?”

“तर त्याला वेगळंच वजन येईल. सख्खी बहीण असून सत्याची बाजू घेतली.” ते थोडे पुढे झुकले. “तुमच्यासाठी एक मधला मार्गही आहे. शब्द ‘समितीने’ ठरवला, एवढंच म्हणा. इतिवृत्तात कुणाचंच नाव नाही. मी स्वतः तपासलंय.”

“तुम्ही मुद्दाम तपासलंत?”

“मॅडम, तुमचा कोश पाचव्या आवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. विद्यापीठ तुमच्या नावाने अध्यासन काढतंय. उगाच कुठल्या कुठे गोष्टी जातात.” ते खरोखरच काळजीने बोलत होते. “शेवटी यंत्राने सांगितलं आणि माणसाने ऐकलं नाही, एवढीच गोष्ट आहे ना?”

“मोहरीर, आत्ता दुपारचे दोन वाजतायत. काळखडकच्या चाळीस घरांत पत्र्यावर एकशे त्रेसष्ट व्होल्ट आहेत. तुमच्या पेट्या अजून तोच प्रश्न विचारतायत.”

“त्याबाबत स्वतंत्र कार्यवाही प्रस्तावित करण्यात येत आहे.”

“कोणाकडून?”

मोहरीर यांनी चष्मा काढून पुसला.

दालनात भास्कर पहिल्या रांगेत बसला होता. पायांत रबरी चपला. मागे खाजा मिस्त्री, हातात पिशवी, पिशवीत मीटर. लेखनिकाने नाव, वय, व्यवसाय लिहून घेतले आणि मान वर न करता विचारले, “कोणत्या नात्याने जबाब देताय? तज्ज्ञ, की नातेवाईक?”

“आरोपी,” शरयू म्हणाली.

लेखनिकाने मान वर केली. “मॅडम, तसा रकाना नाही यात.”

“मग आखा.”

मोहरीर अर्धवट उठले. भास्कर पूर्ण उठला. “शरू, काय बोलतेस हे? गप्प बस. बोट माझं होतं.”

“दादा, खाली बस. बोट तुझं होतं. शब्द माझा होता. आणि तू लिहिलेलं मानणारा माणूस आहेस, म्हणून मी बोलते ते लिहून घेतलं जाऊ दे.” ती लेखनिकाकडे वळली. “मी सांगेन तसंच लिहा. कर्तरी प्रयोगात. ‘करण्यात आले’ असं एकदाही लिहायचं नाही.”

जबाब लिहून झाल्यावर तिने तो दोनदा वाचला, एका ठिकाणी सुटलेला अनुस्वार दिला आणि सही केली. तो पुढीलप्रमाणे:

‘मी, शरयू गोविंद देवळणकर, वय सहासष्ट, पूर्ण शुद्धीत सांगते. कंपनीने “अर्थिंग मिळत नाही” असे लिहिले होते. मी “इंग” खोडले. मी “मिळत” खोडले. “अर्थ सापडत नाही” हे वाक्य मी रचले आणि मला ते आवडले. पेटीला जमीन सापडत नाही, असे त्या वाक्यातून कोणालाही कळत नाही. ते आज मला कळते आहे, असे मी म्हणणार नाही, कारण ते मला तेव्हाही कळले होते. बैठकीत एका अभियंत्याने मला विचारले, “मॅडम, हे लोकांना कळेल का?” त्याचे नाव मी विचारले नाही. मी त्याला सर्वांसमक्ष उत्तर दिले, “न कळणाऱ्याने कोश उघडावा.” सगळे हसले आणि तो खाली बसला. माझ्या भावाने जे बटण दाबले, त्यावर “होय” लिहिले होते. त्या “होय”चा प्रश्न मी लिहिला होता. त्याने माझी आज्ञा पाळली. ज्या घरात हे घडले, त्या घरात माझा कोश होता. मीच तो लग्नाच्या वाढदिवसाला दिला होता. नलिनीने तो उघडला नाही. तिला उघडण्याची गरज नव्हती. तिला अर्थ माहीत होता.’